पान लागलं

धुळ्याच्या शिबिरात डॉक्टर ताम्हाण्यांनी तो विनोद सांगितला तेव्हा जीवरामभाऊ बऱ्हाटे शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसले होते. शिबिर सरकारी डॉक्टरांचं होतं. पावसाळ्यात साप चावल्याचे रुग्ण वाढतात, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला भरवलेलं. जीवरामभाऊ काही डॉक्टर नव्हते. ते असोद्याचे, केळीची बाग करणारे. त्यांची मुलगी कुमुद बंगलोरच्या एका संस्थेत सापाच्या विषावर संशोधन करत होती. चार दिवस घरी आली होती, तर तिला इथं व्याख्यानाला बोलावलं होतं. लेकीला सोबत म्हणून ते आले होते.

ताम्हाणे अध्यक्ष होते, आता धुळ्यातच स्थायिक झालेले. पांढरे केस, स्वच्छ हसू, आणि बोलण्याची अशी हातोटी की माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो.

"मी दादरचा," ते म्हणाले. "नोकरीची पहिली वर्षं तुमच्या जळगावकडच्या केळीच्या पट्ट्यात काढली. चौऱ्याऐंशी साल. एका दुपारी एक शेतकरी पोराला खांद्यावर घेऊन धापा टाकत आला. म्हणतो, साहेब, पान लागलं! मी म्हटलं, लागलं ना? मग चुना लाव!"

सभागृह हसलं.

"चहूकडे केळी. मला वाटलं, केळीच्या पानानं कापलं असेल. घोट्याजवळ ओरखडा होता. पुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पाठवून दिलं. संध्याकाळी कंपाउंडर म्हणतो, साहेब, आमच्याकडे पान लागलं म्हणजे साप चावला! तर मित्रांनो, तात्पर्य काय? रुग्णाची भाषा शिका."

आता टाळ्याही पडल्या. ताम्हाण्यांनी हात जोडले आणि कुमुदकडे वळून म्हणाले, "या. आता तुमचं ते यंत्र दाखवा."

कुमुद टीव्हीपाशी वाकून कॅसेट घालत होती. ती तशीच वाकलेली राहिली. मग तिनं मान वळवून शेवटच्या रांगेत पाहिलं. जीवरामभाऊ खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी पिळून तिचा दोर झाला होता.

तिला कळलं. चौऱ्याऐंशी साल, केळीचा पट्टा, दुपार. तिचा धाकटा भाऊ सुकदेव तेव्हा चौथीत होता. बागेत वाळलेली पानं काढताना त्याच्या पायाला घोणस चावली. आबा त्याला घेऊन दवाखान्यात पळाले, संध्याकाळच्या आत परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सुकदेव गेला. त्या डॉक्टरचं नाव घरात कुणी कधी घेतलं नव्हतं, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. दोष द्यायला घरात माणूस होता.

असोद्यात काय, सगळ्या खानदेशात काय, ज्याला साप चावला त्याच्या समोर सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की विष चढतं, असं म्हणतात. म्हणून पान लागलं म्हणायचं. जीवरामभाऊंनी दवाखान्यात तेच म्हटलं होतं. पोरगा खांद्यावर, त्याचे कान बापाच्या तोंडाशी. दुसरं काय म्हणणार? पण डॉक्टरनं ओरखडा पुसून परत पाठवलं हे कळल्यावर कुमुदच्या आईनं, मंदाबाईंनी, एकच वाक्य धरून ठेवलं. "एक शब्द तोंडातून निघाला नाही या मानसाच्या." सणाला, लग्नाला, भांड्यांच्या आवाजात, कधीही ते वाक्य यायचं. जीवरामभाऊ बागेत निघून जायचे.

आणि हा माणूस आबांचं ते 'पान लागलं' विकून टाळ्या घेत होता.

कुमुद सरळ उभी राहिली. व्याख्यानाची सुरुवात तिनं पाठ केली होती, ती आता आठवेना. आठवायची तिला गरजही वाटली नाही.

"आपलं रक्त लाल कशानं दिसतं ते तुम्हाला सांगायला नको," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "त्या प्रत्येक लाल पेशीभोवती एक पडदा असतो. तेलकट रेणूंचा, दोन पदरी. वहीच्या कागदाच्या जाडीचे वीस हजार भाग करा, त्यातला एक. एवढ्यावर आपण जगतो. घोणशीच्या विषात बरीच द्रव्यं असतात. काही रक्त गोठवणारी द्रव्यं संपवून टाकतात. एक एन्झाइम असं आहे की ते हा पडदा कापतं. मी त्याच्यावर काम करते."

"इतकं बारीक दिसतं कसं?" पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं.

"दिसत नाही. चाचपतो. तुमच्या आईला ज्वारी निवडताना पाहिलंय? सुपात बोट फिरवते. खडा आधी बोटाला कळतो, डोळ्याला मागून. आमच्या यंत्रात बोटाच्या जागी एक सुई आहे. इतकी अणकुचीदार की टोकाला मोजके अणू. ती एका लवचिक पट्टीला लावलेली. सुई पडद्यावरून रेघेमागून रेघ फिरते. उंचवटा आला की पट्टी वर लवते, खड्डा आला की खाली. पट्टीच्या पाठीवर लेझरचा कवडसा पडलेला असतो, तो हलतो. त्या हलण्यावरून संगणक चित्र काढतो. हे सगळं पाण्यात चालतं, म्हणून एन्झाइम काम करत असताना आम्ही ते बघू शकतो."

तिनं बटण दाबलं. टीव्हीवर तांबूस-सोनेरी रंगाचा सपाट चौकोन आला. मध्ये एक बारीक काळी चीर होती.

"अभ्रकाचा पापुद्रा काढून त्याच्यावर आम्ही पडदा पसरलाय. आता विषातलं एन्झाइम सोडलं. बघा."

सगळे बघत राहिले. चौकोन पुसला गेला, पुन्हा उमटला. तसाच. पुन्हा पुसला गेला, पुन्हा उमटला. कुणीतरी जांभई दिली. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, कॅसेट अडकली का?"

"अडकली नाही," कुमुद म्हणाली. "विष तिथं आहे. पाण्यात आहे, पडद्यावर बसलेलं आहे. पण पडदा जिथं घट्ट आहे तिथं त्याला तोंड घालायला जागा मिळत नाही. ते चीर शोधतंय. तुम्हाला वाटतंय काहीच होत नाही. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं, मी जेवायला निघून गेले. परत आले तर हे."

चिरेच्या कडेला एक खाच पडली. मग दुसरी. पुढच्या चित्रात चिरेतून फाटे फुटले, उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तसे. त्याच्या पुढच्या चित्रात अर्धा पडदा नव्हता. खालचा अभ्रक उघडा पडला होता.

"बाजेची एक दोरी तुटली की शेजारची सैल पडते," ती म्हणाली. "मग वेळ लागत नाही. आधीचा वेळ मात्र लांब असतो, आणि त्या वेळात वरून सगळं ठीक दिसतं."

जांभई देणारा आता पुढे वाकून बसला होता. ताम्हाण्यांनी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांबा सर," कुमुद म्हणाली. "तुमचा मघाचा विनोद अर्धा राहिलाय."

"म्हणजे?"

"संध्याकाळी कंपाउंडरनं तुम्हाला अर्थ सांगितला. मग तुम्ही काय केलंत?"

ताम्हाणे हसले. "काय करणार? ते लोक केव्हाच गेले होते."

"केसपेपरवर गाव असेल."

"असेल."

"दवाखान्याला जीप होती?"

"मॅडम, हे व्याख्यान आहे का उलटतपासणी?" ताम्हाण्यांनी सभागृहाकडे बघून खांदे उडवले. थोडे लोक हसले, पण मघासारखे नाही.

"जीप होती का?"

"होती. अहो, पण पोरगा ठणठणीत होता. सूज नव्हती, रक्त नव्हतं. माझ्याकडे बघून हसला तो. साप असला तरी बिनविषारी असणार. नाहीतर ते परत आले नसते का? परत आले नाहीत, त्याअर्थी बरा झाला."

कुमुदनं कॅसेट मागे फिरवली आणि पहिल्या चौकोनावर थांबवली. सपाट, सोनेरी, एका चिरेचा.

"हापण ठणठणीत आहे," ती म्हणाली.

ताम्हाण्यांचं हसू गेलं. पण ते हुशार होते, आणि विषय त्यांना कळत होता. "हे अभ्रकावरचं आहे," ते शांतपणे म्हणाले. "एकच एन्झाइम, एका प्रकारची चरबी, पेल्यातलं पाणी. माणसाच्या अंगात असंच होतं, इतकाच वेळ जातो, असं तुम्ही शास्त्रज्ञ म्हणून छातीवर हात ठेवून सांगाल?"

कुमुदनं टीव्हीवरच्या चौकोनाकडे पाहिलं. सांगता येत नव्हतं. तिला हो म्हणायचं होतं, इतक्या जोरात म्हणायचं होतं की खिडक्यांची तावदानं हलावीत. पण अभ्रकावरच्या मिनिटांवरून अंगातले तास मोजता येत नाहीत, हे तीच आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत असे.

"नाही," ती म्हणाली. "सांगणार नाही. ते खोटं होईल. माझ्या चित्रावरून तो पोरगा वाचला असता असं सिद्ध होत नाही."

"झालं तर मग," ताम्हाणे म्हणाले.

इतकी वर्षं ज्या यंत्रापुढे डोळे फोडले, ते यंत्र ऐन वेळी दुसऱ्याच्या बाजूनं साक्ष देत होतं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक तरुण डॉक्टर उठला. साक्रीकडच्या एका आरोग्य केंद्रातला, धनसिंग बागुल नावाचा. "सर, एक विचारू का? इंजेक्शन दिल्यावर सुईच्या जागेचं रक्त थांबलं होतं का?"

"काय?"

"घोणस असेल तर रक्त गोठत नाही. आमच्याकडे लॅब नाही काही नाही. मी स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेतो, वीस मिनिटं हलवत नाही, मग वाकडी करून बघतो. पातळ राहिलं तर साप विषारी. सूज असो नसो. तुम्ही सुई टोचली होती म्हणून विचारतो."

"चौदा वर्षांपूर्वीचं कोण सांगणार, बागुल?"

"नाही थांबलं," मागून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. जीवरामभाऊ उभे राहिले होते. पिळलेली टोपी त्यांनी डोक्यावर घातली, ती वाकडीच बसली.

"थांबलं नाही रक्त," ते म्हणाले. "तुमचा कंपाउंडर कापसावर कापूस लावे. मी इचारलं, काहून थांबत नाही? तो म्हने, पोरगं हात हालवते म्हनून. सुकदेव काही हात हालवत नव्हता साहेब. शहान्यासारखा बसला व्हता."

ताम्हाण्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"मीच तो शेतकरी. तुम्ही म्हनले, चुना लाव. हासून म्हनले, हे आत्ता कळलं मले. तव्हा मी तुमच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं, मी पोराकडे पाहत व्हतो. मले वाटलं, औषध सांगून रायले." त्यांचा आवाज चढला. घरात कधी न चढलेला आवाज या परक्या सभागृहात चढला. "घरी जाऊन मी चुना लावला! डबीतला सगळा लावला. डॉक्टरनं सांगितलं व्हतं ना! रात्री त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं तं मी शेजारून आनखी चुना मागून आनला!"

कुमुदला तो पांढरा घोटा आठवला. सुकदेवला बाहेर नेताना तेवढा एकच पाय चादरीबाहेर राहिला होता, चुन्यानं माखलेला. आईनं तो पाहून कपाळ बडवून घेतलं होतं. "चुना लावत बसला हा मानूस! पोरगं चाललं, अन् हा चुना लावत बसला!" चुना का लावला, हे आबांनी त्या दिवशी सांगितलं नाही. पुढेही नाही.

मघाशी हसलेल्यांनी माना खाली घातल्या.

"आणि संध्याकाळी तुम्हाला अर्थ कळला," कुमुद म्हणाली. तिला ओरडायचं नव्हतं, पण शब्द दातांतून येत होते. "तेव्हा माझा भाऊ ओट्यावर बसून भाकरी खात होता. विषावरची लस मिळती तर तो जगला असता का, मला माहीत नाही. पण वेळ होता सर. जीप होती. गावाचं नाव होतं. तुम्हाला शब्द कळला नाही त्याचा राग नाही मला. बाहेरचा माणूस, नाही कळणार. शब्द कळल्यावर तुम्ही जीप काढली नाहीत, हसलात, आणि तो विनोद तयार केलात."

*

शिबिर अर्ध्या तासासाठी थांबलं. ताम्हाण्यांनी बापलेकीला मागच्या खोलीत नेलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. शिपायानं चहाचे कप ठेवले. त्यातला एक ताम्हाण्यांनी स्वतः उचलून जीवरामभाऊंपुढे धरला. बशीत कप वाजत होता.

"मला कुणी सांगितलंच नाही हो," ते म्हणाले. "मुलाचं काय झालं ते."

"तुम्ही विचारलंत?" कुमुद म्हणाली.

"नाही." ते थांबले. "भीती वाटली असावी. नंतर विसरलो. मग सांगता सांगता ती गोष्टच झाली. मी पुन्हा कधी सांगणार नाही ती. शब्द देतो."

"सांगा ना. कुठेही सांगा. पण चुना घरी जाऊन लावला तिथपर्यंत सांगा. मध्ये थांबू नका."

जीवरामभाऊंनी कप घेतला आणि चहा प्यायले. कुमुदनं आपल्या कपाला हात लावला नाही. सभागृहात बागुल फळ्यावर काहीतरी लिहीत होता. निघताना तिला ते दिसलं. कुठल्या गावात सापाला काय म्हणतात ते तो एकेकाला विचारून लिहीत होता. पान, किडूक, लांबडं, जनावर. एक नर्स अहिराणीत सांगत होती, "आमनाकडे बी पान लागनं आसंच म्हनतस, डॉक्टरसाहेब. त्यानी काय नवाई शे?"

एसटीत बसल्यावर कुमुदचा राग बापाकडे वळला.

"तुम्ही त्याचा चहा का प्यायले, आबा?"

"दिला म्हनून."

"दिला म्हणून? विष दिलं असतं तर?"

"ते आधीच देऊन झालं त्याचं." जीवरामभाऊ खिडकीची काच वर सारायला बघत होते, ती सरकेना. "हात थरथरत व्हते त्याचे. कप पडला असता."

"पडू द्यायचा होता! फुटू द्यायचा होता! तुम्ही असे आहात म्हणून, आबा... माय तुम्हाला इतकी वर्षं बोलते, तिला एकदा तरी सांगायचं ना, की डॉक्टर म्हणाला चुना लाव म्हणून."

"काय सांगू? डॉक्टर म्हने चुना लाव, अन् मी लावला? एवढा येडा बाप व्हता पोराचा, हे सांगू?" त्यांनी काच सोडून दिली. "ती म्हनते, शब्द बोलला नाही. ते बरं व्हतं. चुन्याचं तिनं इचारलं असतं तं मी मेलो असतो. अन् चहाचं म्हनशील तं, चहा घेतला मी. माफी नाही घेतली. ती त्याच्या टेबलावरच राहिली."

पारोळ्यापर्यंत दोघंही दोन बाजूंना बघत बसले.

*

मंदाबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. कुमुदनं चप्पल काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. शिबिर, विनोद, टाळ्या, जीप, चुना. मंदाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. जीवरामभाऊ अंगणातल्या नळावर पाय धूत होते. धुऊन झालेलेच पुन्हा धूत होते.

सगळं ऐकून झाल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "हासले लोकं?"

"हसले."

"बाया बी व्हत्या?"

"होत्या दोन-चार."

"त्या बी हासल्या?"

कुमुदनं मान हलवली. मंदाबाईंनी वालाचं टोपलं पायानं लांब ढकललं. ते ओट्यावरून खाली गेलं, दाणे अंगणभर पसरले.

"अन् हे काय करत व्हते तुझे आबा?"

"बोलले ते, माय. उभं राहून बोलले. सगळं सभागृह गप्प केलं त्यांनी." कुमुद थांबली, पण राग अजून उतरला नव्हता, म्हणून उरलेलंही बाहेर आलं. "मग त्याचा चहा प्यायले."

"चहा पेले?" मंदाबाई उठल्या. नळाकडे तोंड करून ओरडल्या, "चहा पेले तुम्ही त्याच्या हातचा? साखर बराबर व्हती का? बिस्कीट बी दिलं असंल!"

"बिस्कीट नव्हतं," जीवरामभाऊ म्हणाले.

का कोण जाणे, त्या उत्तरानं मंदाबाईंच्या तोंडची पुढची शिवी गेली. त्या ओट्याच्या काठावर मटकन बसल्या. श्वास जोरानं चालला होता. शेजारची बेबाबाई आवाज ऐकून कुंपणापाशी आली, तिला त्यांनी हातानंच जा म्हटलं.

"चुना," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, यानं आपल्या मनानंच केलं. खुळ्यासारखं." मग कुमुदकडे बघून एकदम चिडल्या. "अन् तू कशाले आली हे सांगायले? इतके वर्सं मले ठावं व्हतं, कोनावर चिडाचं. सकाळी उठलं की समोर व्हता मानूस. आता मी कोनावर चिडू? तो कुठी धुळ्याले, केस पांढरे करून बसलेला. त्याले मी कधी पाहिलं बी नाही!"

"माय, शब्द बरोबर होता आबांचा. एवढंच सांगायचं होतं मला. पान लागलं हेच म्हणायचं असतं. चूक त्याची होती. ऐकून समजल्यावर तो उठला नाही."

"मले नको शिकवू. पान लागलं मीबी म्हनलं असतं." हे वाक्य तोंडातून निघालं आणि मंदाबाई स्वतःच थबकल्या. त्यांनी तोंडावर हात नेला. मग तो खाली घेतला आणि पुन्हा म्हणाल्या, या वेळी हळू, "मीबी तेच म्हनलं असतं."

जीवरामभाऊ अंगणात वाकून वालाचे दाणे वेचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. भाकरी झाल्या होत्या, त्या झाकून ठेवल्या. अंथरुणं घालताना मंदाबाई कुमुदला म्हणाल्या, "सकाळची धुळ्याची गाडी कितीची राहते?"

"कशाला?"

"त्याले पाहाचं मले. त्यानं माझं पोरगं हासतानी पाहिलं. मी म्हनन, सांग, कसं हासलं? आखरी हासलेलं तूच पाहिलं. अन् मंग म्हनन, त्याचं नाव सांग. नाही येनार त्याले. नाही आलं, तं येईपरेंत बसन मी त्याच्या दारात."

"माय, मी येते."

"तू ये नाही तं नको येऊ. यांले यावं लागन." नवऱ्याकडे त्यांनी हनुवटीनं दाखवलं. "त्या दिवशी तिथी हेच व्हते."

सकाळी जळगावच्या स्टँडवर गर्दी होती. कुमुदनं रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि आईला हाक मारली. मंदाबाई चढल्या, बाकाच्या आतल्या बाजूला सरकल्या, आणि कुमुद शेजारी बसायला लागली तशी म्हणाल्या, "तू नको. त्याईले बसू दे."

जीवरामभाऊ बसले. अंग चोरून, बाकाच्या अगदी कडेला. कुमुद मागच्या बाकाला धरून उभी राहिली. गाडी पाळधीच्या पुढे जाईपर्यंत दोघं तशीच बसली होती. दोन्हीकडे पावसानं धुतलेल्या केळीच्या बागा होत्या.

"सांगा आता," मंदाबाई समोर बघत म्हणाल्या.

"काय सांगू?"

"त्या दिवशीचं. तुमी बागेत गेले तथून. कोनी मले सांगितलंच नाही. मीबी इचारलं नाही. नुसती बोलत राहिली." त्यांनी समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडेस्तोवर. "मधलं काही सोडू नका. अन् मोठ्यानं सांगा, गाडीचा आवाज व्हते."

जीवरामभाऊंनी घसा साफ केला. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मागे वळून बघू लागला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"शाळा सुटली व्हती," ते म्हणाले. "तो मागून आला. मी म्हनलं, चप्पल घालून ये. तो म्हने, आबा, चिखलात चप्पल रुतते..."